वेलीखालचे शंख

एका खाडीच्या तोंडाशी, काळा कातळ संपून पांढऱ्या वाळूची पुळण सुरू होते तिथे, एक खेकडी राहत असे. मुलांनो, खेकडा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर टणक पाठीचा, तिरका पळणारा प्राणी उभा राहील. ही खेकडी तशी नव्हती. तिच्या जातीच्या खेकड्यांच्या नांग्या आणि पाय टणक असतात, पण मागचे अंग सोललेल्या कोळंबीसारखे मऊ. ते झाकायला त्यांच्यापाशी स्वतःचे कवच नसते. म्हणून समुद्रातल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधायचा, मागचे अंग त्यात घालायचे आणि तो शंख पाठीवर घेऊन हिंडायचे, अशी त्यांची रीत. संकट आले की आत सरकायचे आणि मोठ्या नांगीने दार लावून घ्यायचे.

आता खेकडा वाढतो, शंख काही वाढत नाही. त्यामुळे प्रत्येकाला अधूनमधून घर बदलावे लागते. त्या पुळणीवर यासाठी एक जुनी पद्धत होती. लाटेबरोबर एखादा मोठा शंख येऊन पडला, की ज्याला तो दिसेल त्याने नांगी आपटून सगळ्यांना बोलवायचे. सगळे जमले की थोरापासून लहानापर्यंत रांग लावायची. सर्वांत थोराड खेकडा नव्या शंखात शिरे, त्याने सोडलेल्या शंखात दुसरा, दुसऱ्याच्या शंखात तिसरा. बघता बघता रांगेतल्या सगळ्यांचे घर बदलून होई आणि शेवटी उरलेला चिमुकला शंख कोणा नव्या पिल्लासाठी वाळूत ठेवला जाई. एक शंख आला की अशी आठ-दहा जणांची सोय होत असे.

आपली खेकडी मात्र या रांगेत उभी राहत नसे. तिचा कोणावरच विश्वास नव्हता.

त्याला कारण होते. अगदी लहान असताना ती एकदा रांगेत उभी राहिली होती. तिने आपला शंख सोडला आणि पुढच्याच्या शंखाकडे वळली. तेवढ्यात पुढच्याला त्याचे नवे घर आवडले नाही, म्हणून तो झटकन परत आपल्या जुन्या शंखात शिरला. ती मागे वळली, तर तिच्या शंखात मागचा खेकडा केव्हाच जाऊन बसलेला! दिवसभर ती उघड्या अंगाने एका वाळक्या पानाखाली थरथरत पडून होती. संध्याकाळी कोणीतरी तिला एक तडा गेलेला शंख आणून दिला, म्हणून वाचली. खरे तर त्या दिवशी कोणाच्या मनात पाप नव्हते. घाईगडबडीत चूक झाली होती. पण तिच्या मनाने एकच गोष्ट धरून ठेवली. "यांनी ठरवून मला फसवले."

तेव्हापासून ती पहाटे सर्वांच्या आधी उठू लागली. ओहोटीच्या काठाने चालत जायची, रिकामा शंख दिसला की आधी चारी दिशांना डोळे फिरवायची आणि मग तो ढकलत ढकलत वर न्यायची. पुळणीच्या वरच्या अंगाला मर्यादवेल पसरलेली होती. त्या वेलीच्या दाट पानांखाली खड्डा करून ती शंख पुरून ठेवी. आपल्या मापाचे, मापापेक्षा लहान, मापापेक्षा दुप्पट मोठे, काहीही. "आज नाही तर उद्या लागेल," असे ती स्वतःला सांगे. "आणि नाही लागला, तरी दुसऱ्याच्या हाती तर पडणार नाही!"

जाताना ती वाळूतल्या आपल्याच पायांच्या खुणा पुसून टाकत असे.

तिच्या शेजारी एक बडबडी खेकडी राहत होती. ती येता-जाता हाक मारी. "काय गं, आज केवड्याखाली नाही आलीस? छान पिकलेलं फळ पडलं होतं." लगेच आपली खेकडी विचारात पडे. 'ही मला केवड्याखाली का बोलावते? मी तिकडे गेले की ही इकडे वेल उकरणार!' एखाद्या दिवशी शेजारीण हाक न मारता निघून गेली, तर खेकडीला आणखीच धास्ती वाटे. 'आज गप्प का? काहीतरी शिजतंय खास.'

आणि एक आजोबा होते. पुळणीवरचे सर्वांत थोराड खेकडे. त्यांच्या तपकिरी शंखाच्या काठाचा एक टवका उडालेला होता. ते फार बोलत नसत. संध्याकाळी कातळाच्या सावलीत बसून समुद्राकडे बघत राहत. खेकडीला वाटे, ते समुद्राकडे बघतच नाहीत, आपल्याकडे बघतात.

असे दिवस चालले होते. मग एका हिवाळ्यात त्या पुळणीवर माणसे सहलीला येऊ लागली. जाताना ती पिशव्या भरभरून शंख-शिंपले घेऊन जात. एवढ्या शंखांत ही माणसे राहतात तरी कशी, हे कोडे खेकड्यांना कधी उलगडले नाही. शंख नेत आणि त्यांच्या जागी बाटल्या, टोपणे, फुटक्या पेल्यांचे तुकडे टाकून जात. उन्हाळा येईपर्यंत पुळणीवर एक धड शंख दिसेना. उरलेसुरले जे लाटेबरोबर येत, ते पहाटेच वेलीखाली गडप होत. रांग लागली नाही, त्याला महिने लोटले.

खेकडे वाढतच होते. कोणाचे अर्धे अंग बाहेर राहू लागले. शेजारणीचा शंख तिला इतका घट्ट झाला, की एक दिवस तिने तो सोडून दिला आणि एका बाटलीचे निळे टोपण पाठीवर घेतले. टोपण उन्हात तापायचे. त्याला दार नव्हते आणि चालताना ते खडखड वाजायचे. बिचारी दुपारभर ओल्या वाळूत अंग पुरून पडून राहू लागली.

तिला तशा अवस्थेत पाहून आपली खेकडी क्षणभर वेलीकडे वळली. पण लगेच तिने मन आवरले. 'हे सोंग आहे. मला दया यावी म्हणून. हिला कळलंय माझ्याकडे शंख आहेत.'

पण मुलांनो, वाढ कोणाला चुकते? आजवर किनाऱ्यावर सापडलेल्या, कोणीतरी वापरून टाकलेल्या शंखांवर खेकडीचे भागले होते, पण आता तिचा स्वतःचा शंखही तिला दाटू लागला. आत सरकले तरी नांगी बाहेरच राही, दार लागत नसे. ती मनात हसली. 'बघा, म्हणूनच तर साठवले होते!'

पहाटे ती वेलीखाली गेली आणि एकेक शंख उकरून काढू लागली. पहिला तिच्या मापाचा दिसत होता. ती मोठ्या उत्साहाने त्यात शिरली, पण निम्मीच आत गेली. आतला पीळ जाड होता, भिंती जाड होत्या, जागा चिंचोळी. वजनही असे, की चार पावले टाकताच पाय लटपटले. दुसऱ्याची तीच गत. तिसरा फारच लहान. एक शंख तर एवढा मोठा, की ती त्यात शिरली आणि शंखासकट उताणी पडली. कशीबशी बाहेर आली. सूर्य वर येईपर्यंत तिने सगळे शंख घालून पाहिले. एकही बसला नाही.

ती सुन्न होऊन बसली. इतकी वर्षे जपलेले शंख असे कसे निघाले? आणि एकाएकी तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निदान तिला तरी तसे वाटले. 'बदलले! कोणीतरी माझे चांगले शंख काढून घेतले आणि त्यांच्या जागी हे भिकार शंख पुरून ठेवले!'

दिवसभर ती धुमसत राहिली. कोणी केले असेल, याचा विचार करायची तिला गरजच नव्हती. संध्याकाळी सारे खेकडे केवड्याखाली जमले, तेव्हा ती तरातरा तिथे गेली आणि शेजारणीपुढे नांगी रोखून उभी राहिली.

"बोल, कुठे आहेत माझे शंख?"

शेजारीण गोंधळली. "कोणते शंख?"

"साळसूद बनू नकोस! वेलीखालचे! एवढे सगळे मी एकटीने वाहून नेऊन पुरले होते. चांगले चांगले तू पळवलेस आणि रद्दी ठेवलीस!"

शेजारीण आपल्या निळ्या टोपणात हलली आणि ते खडखडले. ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुझे शंख पळवले असते, तर हे टोपण घालून फिरले असते का गं?"

तेव्हा कुठे खेकडीच्या ध्यानात आले की आपण काय बोलून बसलो. जी गोष्ट तिने वर्षानुवर्षे पायांच्या खुणा पुसून लपवली होती, ती तिने स्वतःच्या तोंडाने सगळ्या पुळणीला सांगून टाकली होती.

कोणी तिच्या अंगावर धावून गेले नाही. कोणी शिवी दिली नाही. सगळे नुसते तिच्याकडे बघत राहिले आणि तेच तिला सोसवेना. मग आजोबा सावकाश पुढे आले.

"त्या शंखांत एखादा माझ्या मापाचा आहे का?" त्यांनी विचारले.

'हं! आलं ओठांवर पोटातलं,' खेकडी मनात म्हणाली आणि मोठ्याने म्हणाली, "नाही. एकही नाही." आणि ती पाठ फिरवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेलीजवळ पहाऱ्याला बसली होती. आता सगळ्यांना ठाऊक झाले होते, म्हणजे सगळे लुटायला येणार, अशी तिची खात्री होती. तिचे डोळे पुळणीवरून येणाऱ्या प्रत्येकावर खिळलेले होते. वर आकाशाकडे मात्र तिचे लक्ष नव्हते.

पाठीमागून कावळा उतरला. त्याने तिचा शंख चोचीने आपटला. ती झटकन आत सरकली, पण नांगी आत मावेना, दार लागेना. कावळ्याने तिचा एक पाय चोचीत धरला आणि ओढू लागला. कड् असा आवाज झाला आणि पाय तुटून चोचीत गेला. कावळ्याने तो गिळला आणि पुन्हा चोच खाली आणली.

इतक्यात कावळा केकाटला. त्याच्या पायाच्या बोटाला एक मोठी नांगी करकचून चावली होती. आजोबा! त्यांचा टवका उडालेला शंख वाळूत लोळत होता, फडफडणाऱ्या कावळ्याबरोबर ते हवेत उचलले जात होते आणि आपटत होते, पण नांगी सोडत नव्हते. अखेर कावळ्याने जोराने पाय झटकला, आजोबा वाळूत पडले आणि कावळा ओरडत निघून गेला.

बराच वेळ दोघे धापा टाकत पडून राहिले. खेकडीचा जीव वाचला होता. तरी तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हे म्हातारे इथे नेमके कशाला आले होते?

"आजोबा," ती म्हणाली, "खरं सांगा. मला का वाचवलंत? शंखांसाठी ना?"

मुलांनो, आजोबा जर गोड हसून म्हणाले असते, 'अगं पोरी, तू मला लेकीसारखी,' तर ती दुप्पट सावध झाली असती आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण आजोबा तसे बोलले नाहीत.

"हो," ते म्हणाले. "शंखासाठीच आलो होतो. माझंही दार लागत नाही. आज कावळ्याने तुला खाल्लं असतं, तर उद्या त्याने मलाच गाठलं असतं."

खेकडीला याची अपेक्षा नव्हती. एवढे सरळ उत्तर तिला आजवर कोणी दिले नव्हते, किंवा दिले असेल तर तिने ऐकले नव्हते.

"पण माझे शंख कोणाच्याच कामाचे नाहीत," ती पुटपुटली. "मी सगळे घालून पाहिले. आत शिरता येत नाही. जड आहेत."

"नवे आहेत ना, म्हणून," आजोबा म्हणाले. "गोगलगाय आपलं घर स्वतःसाठी बांधते, आपल्यासाठी नाही. आपल्यातला एक जण त्यात राहतो, आतला पीळ थोडा झिजवतो. त्याच्यानंतर दुसरा राहतो, भिंत घासतो. असे चार-पाच जण राहून गेले की शंख हलका होतो, ऐसपैस होतो. पुरून ठेवलेला शंख दहा वर्षांनीसुद्धा तसाच राहणार, जड आणि चिंचोळा."

"मग मला बसेल असा शंख कुठे आहे?"

"हा काय!" आजोबांनी आपल्या तपकिरी शंखावर नांगी टेकवली. "माझ्याआधी कितीजण यात राहून गेले, मलाही ठाऊक नाही. तुला अगदी बरोबर होईल. पण मला मोठा मिळाल्याशिवाय मी हा सोडू कसा? मी थोराड आहे. जड शंख मी ओढू शकतो. फक्त मोठा हवा."

ज्या शंखात खेकडी उताणी पडली होती, तो तिच्या डोळ्यांसमोर आला. ज्या घराची तिला गरज होती, ते महिनोन्महिने तिच्यासमोरून फिरत होते. आणि त्याच्या वाटेत दुसरे कोणी नव्हते, तिनेच पुरून ठेवलेला शंख होता.

तरीही तिच्या स्वभावाने इतक्यात हार मानली नाही. तिने अट घातली. "आधी तुम्ही बाहेर यायचं. सगळ्यांच्या देखत."

"येतो," आजोबा म्हणाले.

त्यांनी नांगी आपटली. दगडांखालून, केवड्याच्या मुळांतून, ओल्या वाळूतून खेकडे येऊ लागले. किती महिन्यांनी तो आवाज झाला होता! रांग लागली. आजोबा, त्यांच्यामागे आपली खेकडी, तिच्यामागे आपला सोडलेला शंख ओढत आणणारी शेजारीण, मग इतर सगळे लहान लहान होत गेलेले. खेकडीने उरलेल्या पायांवर लंगडत वेलीखालून तो मोठा शंख ढकलत आणला आणि आजोबांसमोर ठेवला.

आजोबा बाहेर आले. एवढा थोराड खेकडा, पण शंखाबाहेर किती मऊ आणि फिकट दिसत होता! त्यांच्या अंगावर एक जुना व्रण होता. ते एक क्षण उन्हात उघडे उभे राहिले आणि मग नव्या शंखात शिरले. शंख हलला, वळला, स्थिर झाला. दार लागले. आतून त्यांचा आवाज आला, "ठीक आहे. मी परत येत नाही. जा तू."

तपकिरी शंख खेकडीपुढे रिकामा पडला होता. दोन पावलांवर. तिने मागे पाहिले. शेजारणीने एक नांगी तिच्या शंखाच्या काठावर ठेवली होती, हलकेच. जुनी भीती उसळून वर आली. 'आता मी बाहेर पडणार, ही आत शिरणार आणि आजोबा म्हणणार, मला हे घर आवडलं नाही.'

"काढ तुझी नांगी," ती शेजारणीवर खेकसली.

शेजारणीने मुकाट्याने नांगी काढून घेतली आणि एक पाऊल मागे सरली. तिच्या टोपणावर ऊन चमकत होते. काल जिच्यावर चोरीचा आळ घेतला, ती आज मागे सरून उभी होती. खेकडीला स्वतःची लाज वाटली. तिने डोळे आत ओढले आणि शंख सोडला.

मऊ अंगाला वारा लागला. एक पाऊल. दुसरे पाऊल. आणि ती तपकिरी शंखात होती. आतून तो गुळगुळीत होता, शिंपल्याच्या पोटासारखा. कुठे टोचत नव्हते, कुठे दाटत नव्हते. उचलून पाहिला, तर पिसासारखा हलका. ती आत सरकली आणि नांगी दारावर चपखल बसली. त्या अंधारात ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. बाहेर एकामागून एक टक् टक् टक् असे आवाज होत गेले. एकेक जण पुढच्या घरात शिरत होता.

तिने दार उघडले, तेव्हा निळे टोपण वाऱ्याने वाळूत गडगडत चालले होते. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हते.

त्या आठवड्यात खेकडीने वेलीखालचे उरलेले शंख वर काढले. सगळे एकदम नाही हं, रोज एक. आणि प्रत्येक शंख कोण घेतो, हे ती जवळ बसून नीट बघत असे. स्वभाव एका दिवसात थोडाच बदलतो! जे जड होते ते थोराडांनी घेतले, घासायला सुरुवात केली. माणसे पुळणीवर दिसली, की खेकडे आता आपले रिकामे शंख चटकन वेलीखाली नेत आणि ती गेली की परत आणून उघड्यावर ठेवत.

तिचा तुटलेला पाय पुढच्या पावसाळ्यात हळूहळू परत आला. आणि तीही वाढली. तपकिरी शंख आता तिला दाटू लागणार होता. एका सकाळी शेजारीण आली, तर खेकडी शंखाच्या आतल्या बाजूला नांगीने सारखी घासत बसली होती.

"हे काय चाललंय? आणखी महिन्याभराने तर हा शंख सोडणार तू," शेजारीण म्हणाली.

"डाव्या अंगाला एक कंगोरा राहिलाय. टोचतो."

"पण तुला आता कितीसे दिवस टोचणार?"

"मला नाही गं," खेकडी मान वर न करता म्हणाली. "माझ्यानंतर येईल त्याला." आणि ती पुन्हा घासू लागली.

तात्पर्य : वस्तू दडवून ठेवली की ती कोणाच्याच कामाची राहत नाही, आपल्याही नाही. नीट वापरावी, सुधारावी आणि आपले काम संपले की पुढच्याच्या हाती द्यावी, म्हणजे तीच वस्तू अनेकांना पुरते.